पाण्याने थंड होणाऱ्या संगणकास पंखे कोणते घ्यावेत?



धान्याच्या ठोक व्यापाऱ्याने स्मरणिकेत लिहावयाचे तर तूर, हरभरा, बारदान, वखारीतील कीड किंवा फार तर बाजार समितीचे नियम यांवर लिहावे, अशी वाचकांची अपेक्षा असणार. संगणकाच्या पंख्यांवर मी लेखणी उचलावी, ही प्रथमदर्शनी अनधिकार चेष्टा वाटेल. यंत्रशास्त्राचे शिक्षण मी घेतलेले नाही. परंतु आपल्या सभासदांच्या घरांतून आता चित्रफितींचे संपादन, इमारतींचे आराखडे, नाना प्रकारचे खेळ यांसाठी शक्तिमान संगणक येऊ लागले आहेत आणि त्यांपैकी पुष्कळ पाण्याने थंड होणारे असतात. त्यांना पंखे कोणते घ्यावेत, हा प्रश्न वडीलधाऱ्यांपुढे येतो; कारण पैसे वडीलधाऱ्यांनीच द्यावयाचे असतात. हा प्रश्न मजपुढेही आला होता. मी त्यास चुकीचे उत्तर दिले. ते उत्तर चुकीचे का होते हे समजून घेण्यात माझा एक उन्हाळा गेला.

माझा पुतण्या विवाहसमारंभांच्या चित्रफिती तयार करतो. गंजातील आमच्या दुकानाच्या माडीवर त्याची खोली आहे. दोन वर्षांपूर्वी चैत्रात त्याने एक वापरलेला, पण चांगल्या प्रतीचा संगणक घेतला. त्याचे दोन्ही पंखे खडखडू लागले होते. नव्या पंख्यांची दोन खोकी त्याने गादीवर आणून माझ्यापुढे ठेवली. भाव जवळजवळ सारखा. एका खोक्यावर हवेच्या प्रवाहाचा आकडा ७० होता, दुसऱ्यावर ५५. मी म्हणालो, "अरे, भाव सारखा असेल तर मापात जास्त भरेल ते घ्यावे." तो म्हणाला, "काका, खाली आणखी एक आकडा आहे. तो कशाचा?" मी म्हणालो, "तो राहू दे." एवढ्यावर न थांबता, खाली बाजारात मालाची चढउतार चालते, धूळ फार, म्हणून संगणकाच्या पेटीच्या तोंडावर मलमलीचे दुहेरी फडके बांधण्याची सूचनाही मीच केली.

वैशाखात लग्नसराई ऐन भरात आली आणि संगणक मध्येच बंद पडू लागला. चित्रफीत तयार होण्यास सहा-सात तास लागत. यंत्र अर्ध्या तासात तापून विझे. पोराने कित्येक रात्री जागून काढल्या. आपल्याच समाजातील एका गृहस्थांच्या कन्येच्या विवाहाची चित्रफीत वीस दिवस उशिरा गेली, घेतलेली इसार रक्कम परत करावी लागली आणि त्या घरचे पुढील कार्य दुसऱ्याकडे गेले. पंखे कोणाच्या सल्ल्याने घेतले, हे पुतण्याने बाहेर कोणास सांगितले नाही. म्हणून ते मी येथे सांगतो आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. संगणकात जो मुख्य गणक असतो, ज्यास मुले प्रोसेसर म्हणतात, तो काम करताना जितकी वीज खातो तितकी जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. अडीचशे वॅट वीज घेणारा गणक म्हणजे दोन-अडीच बोटे रुंदीच्या जागेत ठेवलेली लहानशी शेगडीच होय. त्याच्या डोक्यावर तांब्याची एक पोकळ पेटी घट्ट टेकवितात. तीतून लहान पंपाने पाणी फिरवितात. ते तापलेले पाणी नळीवाटे रेडिएटरात जाते. तेथे पातळ पत्र्याच्या असंख्य पट्ट्यांतून पंखा हवा ढकलतो आणि पाणी निवून परत येते. जीपगाडीचे किंवा डाळमिलीतील डिझेल इंजिनाचे रेडिएटर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात नवे काही नाही.

हिशेब हा या भूमीचा जुना व्यवसाय आहे. सेडम तालुक्यातील मळखेड ही राष्ट्रकूटांची राजधानी होती आणि नवव्या शतकात सम्राट अमोघवर्षाच्या काळात जैन गणितज्ञ महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचिला, हे आपल्या घरांतील मुलांना ठाऊक असावे. आमच्या काळात गणन यंत्राकडे गेले. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. त्याच मालिकेतील 'परम ब्रह्म' २०१९ साली पुण्याच्या आयसर संस्थेत बसविण्यात आला. त्याचे तापणारे भाग पाणी फिरवूनच थंड ठेवितात. तेव्हा माडीवरचा संगणक पाण्याने निवतो ही मुलांची चैन आहे, असा माझा जो प्रथम ग्रह झाला होता तो मी मागे घेतला आहे.

परंतु एक गोष्ट नीट ध्यानात धरावी. पाणी उष्णता नाहीशी करीत नाही. पाणी हा हमाल आहे. तो गणकापासून पोते उचलून रेडिएटरापर्यंत आणून टाकतो. तेथून पुढे ते पोते हवेनेच न्यावयाचे असते. हवा कमी पडली तर हमालाने कितीही धावाधाव केली तरी धक्क्यावर माल साचणारच. आणि खोलीतील हवा ४० अंशांवर असेल तर पाणी ४० अंशांच्या खाली येणे कोणत्याही पंख्यास शक्य नाही. कलबुर्गीस वैशाखात पारा ४२-४३ अंशांवर जातो. बिदर उंचावर असल्यामुळे तेथे थोडा दिलासा असतो. थंड प्रदेशातील परीक्षकांनी वीस-बावीस अंशांच्या खोलीत काढलेले निष्कर्ष आमच्या माडीवर जसेच्या तसे लागू पडत नाहीत, याचे कारण हे.

हवा किती लागेल याचा हिशेब फार कठीण नाही. एक किलो हवेस एक अंश तापविण्यास सुमारे १००५ जूल उष्णता लागते. आमच्या पठारावर उन्हाळ्यात एक घनमीटर हवेचे वजन अदमासे १.१ किलो भरते. गणकाची २५० वॅट उष्णता हवेवर चढवावयाची आणि हवेचे तापमान १० अंशांनीच वाढू द्यावयाचे, तर तासाला सुमारे ८० घनमीटर, म्हणजे मिनिटाला ४७-४८ घनफूट हवा रेडिएटरातून गेली पाहिजे. आता आमच्या दोन पंख्यांचा खोक्यावरील आकडा मिनिटाला प्रत्येकी ७० घनफूट, म्हणजे दोघांचे मिळून १४०. गरजेच्या जवळजवळ तिप्पट! मग यंत्र तापले का?

याचे उत्तर पुतण्याने विचारलेल्या त्या दुसऱ्या आकड्यात होते, आणि ते मला आमच्याच धंद्यात सापडले.

खळ्यावर उफणणी कशी चालते ते आठवावे. वारा सुटला की तिवईवर उभे राहून पाटीतून धान्य सोडतात. भुसा उडून पलीकडे पडतो, दाणा खाली येतो. तेथे वाऱ्याच्या वाटेत अडथळा असा नसतो. वारा पुष्कळ हवा, जोर बेताचा असला तरी चालते. आता त्याच वाऱ्यास सांगावे की, बाबा रे, आठ फूट उंच तुरीच्या राशीत या बाजूने शीर आणि त्या बाजूने नीघ. तो राशीला वळसा घालून निघून जाईल. राशीतून हवा न्यावयाची तर ती मागून दाबून ढकलावी लागते. मोठ्या कोठारांतून धान्य थंड व कोरडे राहावे म्हणून तळाशी यंत्राने हवा सोडतात, तेव्हा हेच करावे लागते. थर जितका उंच, तितका दाब अधिक. दाणा जितका बारीक, तितकाही दाब अधिक. ज्वारीची रास तुरीच्या राशीपेक्षा हवेला जास्त अडविते आणि तिळाची त्याहूनही जास्त. अमेरिकेतील सी. के. शेड यांनी निरनिराळ्या धान्यांतून हवा जाण्यास किती दाब लागतो याची मोजमापे घेऊन १९५३ साली त्यांचे आलेख प्रसिद्ध केले. कोठारांची आखणी करणारे अभियंते आजही त्यांचा आधार घेतात.

रेडिएटर म्हणजे पत्र्याची रासच समजावी. काही रेडिएटरांत इंचाला दहा-बारा पट्ट्या असतात. ती तुरीची रास. काहींत वीस किंवा अधिक असतात, ती ज्वारीची. जाडी २७-३० मिलिमीटर असेल तर थर उथळ, ४५ किंवा ६० असेल तर खोल. अशा ठिकाणी उफणणीचा वारा कामाचा नाही, कोठारातला हवा.

पंख्याच्या खोक्यावर म्हणूनच दोन आकडे छापलेले असतात. पहिला हवेच्या प्रवाहाचा, मिनिटाला इतके घनफूट (मुले यास सी. एफ. एम. म्हणतात) किंवा तासाला इतके घनमीटर. दुसरा स्थिर दाबाचा. तो 'मिलिमीटर पाणी' या मापात असतो. एक मिलिमीटर पाण्याचा दाब म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक किलो वजन ठेवल्याइतका दाब. दिसावयास क्षुल्लक, पण हवेच्या कामात तो पुष्कळ असतो.

या दोन आकड्यांविषयी एक गोष्ट कोणत्याही खोक्यावर छापलेली नसते, आणि सारा घोटाळा तेथेच होतो. हे दोन्ही आकडे एकाच वेळी कधीही खरे नसतात. प्रवाहाचा आकडा पंखा मोकळ्यावर फिरत असताना मोजतात. त्या वेळी दाब शून्य असतो. दाबाचा आकडा पंख्याचे तोंड पूर्ण बंद करून मोजतात. त्या वेळी प्रवाह शून्य असतो. रिकाम्या गाडीचा बैल सडकेवर धावतो तो त्याचा वेग. आणि गाडी चिखलात रुतल्यावर तसूभरही न हलता तो जे बळ लावतो ते त्याचे बळ. विकणारा दोन्ही सांगतो. आपणास मात्र तीस पोती भरलेली गाडी चढावर न्यावयाची असते. तेथे बैल किती चालेल, हे त्या दोन्हींच्या मध्ये कोठेतरी असते.

उदाहरणादाखल दोन पंखे घेऊ. नोक्टुआ या ऑस्ट्रियातील कंपनीचे हे दोन्ही पंखे आहेत, त्यामुळे मापण्याच्या पद्धतीत लबाडीचा प्रश्न येत नाही. 'एनएफ-एस१२ए' हा मिनिटाला १२०० फेरे घेतो. प्रवाह सुमारे ६३ घनफूट, दाब १.१९ मिलिमीटर. 'एनएफ-एफ१२' हा १५०० फेरे घेतो. प्रवाह ५५ घनफूट, दाब २.६१ मिलिमीटर. माझ्या पद्धतीने निवडले असते तर पहिलाच घेतला असता. आता असा रेडिएटर धरा की ज्यातून ३० घनफूट हवा नेण्यास १ मिलिमीटर दाब लागतो. दोन टोकांच्या मध्ये सरळ रेषा मानून ढोबळ हिशेब केला (खरी रेषा वाकडी असते, पण अंदाजास हरकत नाही) तर पहिला पंखा त्यातून सुमारे २३ घनफूट हवा नेतो आणि दुसरा ३२. तोच रेडिएटर धुळीने बुजला, वरून फडके बांधले आणि आता १५ घनफुटांसच १ मिलिमीटर दाब लागू लागला असे समजा. मग पहिला १४ वर येतो, दुसरा २३ वर राहतो. असे दोन पंखे लावले तर पहिल्या जातीचे २८ घनफूट भरतात आणि आपली गरज आहे ४७-४८ ची. आमच्या माडीवर जे झाले ते हेच.

दुसरा पंखा जलद फिरतो व आवाजही थोडा अधिक करतो, कंपनीच्या मापाने २२.४ डेसिबेल विरुद्ध १७.८, हे सांगणे न्यायाचे होईल. परंतु दाबातील सगळा फरक वेगाचा नव्हे. पंख्याचा वेग वाढविला की प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो, दाब त्या प्रमाणाच्या वर्गाने आणि लागणारी वीज घनाने. पहिल्या पंख्यास १५०० फेऱ्यांवर नेले तर वर्गाच्या नियमाने त्याचा दाब १.८६ होईल, २.६१ होणार नाही. उरलेला फरक पात्यांच्या घडणीतून येतो. दाब देणाऱ्या पंख्याची पाती रुंद असून त्यांमधील फटी लहान असतात आणि पात्याचे टोक चौकटीच्या अगदी जवळून फिरते. त्याच कंपनीच्या 'एनएफ-ए१२एक्स२५' या पंख्यात ते अंतर केवळ अर्धा मिलिमीटर ठेवले आहे. पुढे अडथळा आला की ढकललेली हवा टोकाजवळच्या फटीतूनच उलट मागे येते, म्हणून ही काळजी. हा पंखा २००० फेऱ्यांवर सुमारे ६० घनफूट प्रवाह व २.३४ मिलिमीटर दाब देतो. आर्क्टिक कंपनीचा 'पी१२' किमतीने बराच स्वस्त असून त्याचे आकडे ५६ घनफूट व २.२ मिलिमीटर असे आहेत. महाग तेच चांगले, असे येथे म्हणता येत नाही. घडण बारकाईची असेल तर आवाज कमी व टिकाऊपणा अधिक, एवढेच महागाईचे समर्थन.

मापाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. रेडिएटर पंख्याचे माप ठरवितो. १२० मिलिमीटर (सुमारे पावणेपाच इंच) पंख्यांसाठी १२०, २४० व ३६० लांबीचे रेडिएटर मिळतात; १४० च्या पंख्यांसाठी १४०, २८० व ४२० चे. पंख्याची जाडी २५ मिलिमीटर असावी. पेटीत जागा नसेल तरच १५ मिलिमीटरचे पातळ पंखे घ्यावेत, कारण त्यांचा दाब कमी पडतो. चौकट पूर्ण चौरस असावी. कोपरे गोलाकार कापलेले असतील तर रेडिएटराशी ती नीट बसत नाही आणि पोत्याचे तोंड सैल बांधल्यावर धान्य सांडते तशी हवा कडेने सांडते. चारही बाजूंनी रबराची पातळ पट्टी लाविली तर उत्तमच.

वेगाच्या नियमातून एक मोठा लाभ मात्र होतो, तो सांगितला पाहिजे. वेग निम्मा केला तर प्रवाह निम्मा, दाब पाव आणि वीज एक-अष्टमांश होते. आवाज अंदाजे १५ डेसिबेलने उतरतो, म्हणजे कानास तो निम्म्याहूनही कमी वाटतो. यास्तव एक पंखा ऊर फुटेपर्यंत पळविण्यापेक्षा मोठा रेडिएटर घेऊन दोन-तीन पंखे संथ चालविणे केव्हाही श्रेयस्कर. ज्यांच्या घरी रात्री मुलगा संगणकावर बसतो आणि शेजारच्या खोलीत आजोबा निजतात, त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. परंतु संथ चालवावयाचे तर पट्ट्या विरळ असलेला रेडिएटर हवा. दाट पट्ट्यांच्या रेडिएटरात पाव दाबाने हवा शिरतच नाही. आधी रेडिएटर पाहावा, मग वेग ठरवावा, मग पंखा घ्यावा. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात. मीही केला.

काही मुले रेडिएटराच्या दोन्ही अंगांस पंखे लावितात. एक ढकलतो, दुसरा ओढतो. त्यामुळे हवा दुप्पट होते, हा समज खोटा आहे. एकामागे एक जुंपलेल्या पंख्यांनी दाब वाढतो. जाड व दाट रेडिएटरात त्याचा उपयोग होतो. पातळ रेडिएटरात खर्च तेवढा होतो.

पंखा ढकलण्यासाठी लावावा की ओढण्यासाठी, यात थंडाव्याच्या दृष्टीने फरक थोडा असतो. धुळीच्या दृष्टीने मात्र फार असतो, आणि आमच्या भागात विचार धुळीचाच केला पाहिजे. पंखा ढकलणारा असेल तर धूळ पंखा व पट्ट्या यांच्या मध्ये दडून बसते. पंखा सोडविल्याशिवाय ती दिसतही नाही. ओढणारा असेल तर ती पट्ट्यांच्या उघड्या तोंडावर साचते, मऊ कुंचल्याने झाडता येते. गुलबर्गा तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले याचा आम्हा सर्वांस अभिमान आहे. पण तीच डाळ भरडताना उडणारी चुणी आणि टरफलाची पूड गंजातील प्रत्येक माडीवर चढते. ती तेलकट चिकट नसली तरी पट्ट्यांत जाऊन बसली की नमदा होतो. मार्गशीर्ष ते फाल्गुन, आवकेच्या दिवसांत, दर पंधरा दिवसांनी कुंचला फिरवावा.

गाळणीची गोष्ट यास लागूनच आहे. पाणी गाळून घेणे हा आपला कुळाचार. हवाही गाळून घ्यावी असे वाटणे स्वाभाविक. पण गाळणी म्हणजे आणखी एक रास. उन्हाळ्यात घरातील कूलरच्या वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांवर बोअरच्या पाण्याचा चुना चढला की पंखा जोराने फिरतो आणि वारा मात्र येत नाही, हा अनुभव प्रत्येक घरी आहे. माझे दुहेरी मलमलीचे फडके त्या चुन्याचेच काम करीत होते. नायलॉनची एकेरी, मोकळ्या विणीची जाळी लावावी. ती चिमटीने काढून धुता आली पाहिजे, नाहीतर ती कोणी धूत नाही.

जाळीचा दुसरा उपयोग जीवजंतू आत न जाण्याचा. येथे एक विषय आपल्या समाजाच्या दृष्टीने लिहितो. अन्य कोणी तो लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. अलीकडे पुष्कळ पंख्यांत रंगीबेरंगी दिवे बसविलेले असतात. त्यांनी थंडावा तिळमात्र वाढत नाही. आषाढ-श्रावणात संध्याकाळी दिव्यावर किती चिलटे-पाकोळ्या येतात, हे सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांस सांगावयास नको. दिवा आणि फिरते पाते एकाच जागी ठेवणे म्हणजे जिवांस बोलावून घेऊन मारणे होय. शिवाय मेलेले कीटक पट्ट्यांत अडकून वाट बुजवितात. बिनदिव्याचा पंखा मिळतो, आणि त्याच प्रतीचा असून तो स्वस्तही असतो.

हवा कोठून घ्यावी, हा प्रश्न पंख्याइतकाच महत्त्वाचा. रेडिएटर पेटीच्या पुढल्या तोंडाशी असेल तर त्यास खोलीतील ताजी हवा मिळते. छताशी असून तो आतली हवा बाहेर टाकीत असेल तर चित्रांचे काम करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाने आधीच तापविलेली हवा त्याच्या वाट्यास येते. थंड देशात या फरकाचे फारसे काही वाटत नसेल. आमच्याकडे पाच अंशही महाग पडतात. म्हणून पुढे बसवून आत ओढावे आणि मागून एका पंख्याने बाहेर काढावे, असे माझे मत झाले आहे. मात्र रेडिएटराचे वरचे टोक पंपाहून उंच राहील असे पाहावे, म्हणजे पाण्यातील हवेचे बुडबुडे पंपात न शिरता वर जाऊन राहतात. कारखान्यात भरून आलेले संच कधी उघडू नयेत. जे स्वतः नळ्या जोडून पाणी भरतात त्यांनी ऊर्ध्वपातित पाणी व त्यात घालावयाचे योग्य द्रव्य वापरावे, बोअरचे पाणी कदापि नाही.

राहता राहिले वेग आवरण्याचे. पंख्यास चार तारा असाव्यात. चौथ्या तारेने संगणक पंख्याचा वेग कमीजास्त करतो. तीन तारांच्या पंख्यास विजेचा दाब कमी करून आवरावे लागते आणि तो फार हळू नेता येत नाही. संगणकाच्या मुख्य पाटीवरील एका जोडणीतून बहुधा १ अँपिअरपर्यंत वीज घेता येते; साधे दोन-तीन पंखे तीत बसतात, तरी प्रत्येकावर छापलेला आकडा बेरीज करून पाहावा. वेग गणकाच्या तापमानावर न बांधता पाण्याच्या तापमानावर बांधावा, ही सूचना मला फार पटली. गणकाचे तापमान क्षणात वीस अंश चढते नि उतरते. पंखाही त्याबरोबर किंचाळतो नि गप्प होतो. पाणी शांत असते. अर्धा लिटर पाण्यावर २५० वॅट उष्णता टाकीत राहिले आणि काहीच बाहेर गेले नाही, तरी ते एक अंश चढण्यास आठ सेकंद लागतात. पाण्याचे तापमान दाखविणारी सोय सर्व संचांत नसते. ती असेल तर तिचा उपयोग करावा. नसेल तर वेग चढण्यास काही सेकंद विलंब लावण्याची व्यवस्था बहुतेक यंत्रांत असते.

पंख्याच्या आतील बेअरिंगविषयी दोन शब्द. साधी बुशची बेअरिंग स्वस्त असते, परंतु उष्णतेने तिचे तेल सुकते व पंखा खडखडू लागतो. आडवा टांगला तर अधिकच लवकर. गोळ्यांची बेअरिंग टिकते, पण म्हातारपणी आवाज करते. तेलाच्या दाबावर तरंगणारी, जिला मुले 'फ्लुइड' म्हणतात, ती घरच्या कामास बरी. तासांत लिहिलेले आयुष्य कोणत्या तापमानास मोजले आहे ते वाचावे. ते पंचवीस अंशांचे असेल तर आमच्या वैशाखात त्यातून बरेच वजा करून घ्यावे.

पुतण्याने ज्येष्ठात दाबाचे दोन पंखे आणिले. या वेळी खोके त्याने मला दाखविले नाही. मीच मागून घेऊन दोन्ही आकडे वाचले. मलमलीचे फडके काढून नायलॉनची जाळी लाविली आणि पंखे ओढणाऱ्या बाजूस बसविले. रेडिएटरातून चुणीचा जो थर निघाला तो पसाभर होता. माडीवर त्या दिवशी ३९ अंश उष्मा होता. पूर्वी शंभर अंशांवर जाऊन बंद पडणारा गणक सात तासांच्या कामात ८२ च्या वर गेला नाही, आणि पंखे मिनिटाला तेराशे फेऱ्यांवर होते. काढलेले पंखे टाकून दिले नाहीत. एक पेटीच्या पाठीशी बसविला, जेथे हवा केवळ बाहेर सोडावयाची असते. दुसरा पुढच्या उघड्या जागेत, साठवणीच्या तबकड्यांसमोर. तेथे त्यांच्या वाटेत काही नाही. दोन्ही आजवर उत्तम चालतात.